रहदारी आणि शाळेची वाट

बऱ्हाणपूरचे नाव मराठी वाचकाच्या परिचयाचे असते ते बहुधा तीन प्रसंगांमुळे. १६३१ मध्ये शहाजहानची बेगम मुमताजमहल तेथे मरण पावली. १६८१ च्या आरंभी संभाजीराजांच्या फौजेने गावालगतच्या बहादूरपुऱ्याची पेठ लुटली. आणि १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने जो मुलूख पेशव्यांच्या हवाली केला त्यात असीरगडाबरोबर हे शहरही आले. प्रसंग तिन्ही मोठे आहेत. तथापि त्यांवरून बऱ्हाणपूर वाढले कशामुळे हे कळत नाही. ते वाढले वाटेमुळे. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल तापीच्या खोऱ्याने वर चढत बऱ्हाणपुरास येई आणि तेथून असीरगडाच्या पायथ्याने सातपुडा ओलांडून नर्मदेकडे व पुढे आग्र्याकडे जाई. दक्षिणेवर चालून येणाऱ्या बादशाही फौजांचा मार्गही तोच. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून जहांगीराच्या भेटीस निघाला, तेव्हा त्याला वाटेत आधी याच गावी थांबून शहाजादा परवेझचा दरबार गाठावा लागला.

जेथे वाट तेथे वाटेचा कर हा सर्वत्रचा रिवाज. मोगली अमलात त्या कराला जे नाव होते ते मराठी वर्तमानपत्रांत आजही रोज छापले जाते. मात्र त्याचा अर्थ पार पालटून गेला आहे. ते नाव म्हणजे ‘रहदारी’. राह म्हणजे वाट आणि राहदार म्हणजे वाट राखणारा. वाट राखणाऱ्याने वाटसरूंकडून व त्यांच्या मालावर जे घ्यावयाचे ती राहदारी. पुढे घेणारा विसरला गेला, देणारा विसरला गेला आणि वाटेवरून चाललेली गर्दी तेवढी त्या शब्दात उरली. ‘चौकात रहदारी तुंबली’ असे आपण म्हणतो, तेव्हा एके काळी हा शब्द एका कराराचा वाचक होता हे कोणाच्या ध्यानीमनी नसते.

करार असा होता. वाटसरू पैसे देई आणि त्याबदली त्याने सुखरूप पुढच्या ठाण्यास पोहोचावे ही जबाबदारी घेणाऱ्यावर येई. वाटेत दरोडा पडला तर त्या टापूच्या फौजदाराने चोर धरून माल परत मिळवून द्यावा, न मिळाल्यास स्वतः भरपाई करावी, असा मोगली दंडक होता आणि सतराव्या शतकातल्या परदेशी प्रवाशांनी त्याची नोंद करून ठेवली आहे. प्रत्यक्षात भरपाई किती जणांच्या पदरात पडली हा प्रश्न वेगळा. पण तत्त्व स्वच्छ होते. वाटेवर पैसा घेणाऱ्याने वाटेवरच्या माणसाच्या जिवाची हमी घेतली पाहिजे, आणि ती हमी पाळता येत नसेल तर त्याने कर घेऊ नये.

हे तत्त्व फार लवकर बिघडले. जहांगीर १६०५ मध्ये गादीवर आला तेव्हा त्याने बारा फर्माने काढली. त्यांतल्या पहिल्यात तमघा, मीरबहरी आणि जहागीरदारांनी आपल्या फायद्यासाठी बसविलेले इतर कर बंद करण्याचा हुकूम आहे. आणि लगेच दुसऱ्यात असे म्हटले आहे की, ज्या वाटा वस्तीपासून दूर आहेत व जेथे चोऱ्यामाऱ्या होतात तेथे जहागीरदारांनी सराया व मशिदी बांधाव्यात, विहिरी खणाव्यात, म्हणजे त्या आश्रयाने माणसे वसतील आणि वाट निर्भय होईल. या दोन हुकुमांचा क्रम मोठा बोलका आहे. वाटसरूकडून उकळू नका, हे आधी. वाटसरूवर खर्च करा, हे मागोमाग. पुढे औरंगजेबाने १६५९ मध्ये राहदारी रद्द केली. तरी ती चालूच राहिली. खाफीखान हा इतिहासकार स्पष्ट लिहितो की, बादशहाची मनाई कागदावर राहिली आणि जमीनदार व अंमलदार वाटांवर पूर्वीपेक्षा अधिकच घेऊ लागले. राखणे सुटले, घेणे तेवढे उरले.

मराठी अमलात हीच कथा जकातीच्या रूपाने पुढे चालली. एका गावाहून दुसऱ्या गावी माल न्यावयाचा तर ठायीठायी चौक्या, आणि चौकीचौकीवर निराळा दर. या त्रासातून हुंडेकरी नावाचा एक धंदाच निर्माण झाला. व्यापाऱ्याने हुंडेकऱ्याला एकवट रक्कम द्यावी, हुंडेकऱ्याने वाटेतल्या साऱ्या चौक्यांशी आपला हिशेब आपण करावा. एल्फिन्स्टनने पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये दख्खनच्या कारभाराचा जो अहवाल लिहिला त्यात या हुंडेकऱ्यांचा उल्लेख आहे, आणि आडनावाच्या रूपाने तर ते आजही आपल्यात आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी जकातीचे मक्ते दिले जाऊ लागले. मक्तेदाराला वाटेशी कर्तव्य काय? त्याने सरकारात भरलेली रक्कम व्याजासह वसूल करणे एवढाच त्याचा धर्म. धर्मशाळा, घाट, विहिरी ही वाटसरूची सोय मात्र बहुतांशी पुण्यकृत्य म्हणून दुसऱ्याच कोणाच्या पदरून होत असे. अहल्याबाई होळकरांनी आपल्या खासगीच्या उत्पन्नातून केलेली कामे आपण कौतुकाने सांगतो. पण जे काम करातून व्हावयास हवे ते पुण्यातून झाले, हा त्या काळच्या राज्यव्यवस्थेवरचा अभिप्रायही आहे.

बऱ्हाणपूर १७७८ मध्ये शिंद्यांकडे गेले आणि १८६० मध्ये इंग्रजांच्या हाती येऊन निमाड जिल्ह्यात सामील झाले. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ–खंडव्याच्या दिशेने या टापूतून गेला. स्थानक लालबागेस, गावापासून थोडे दूर पडले. शेकडो वर्षे जो मालाचा प्रवाह गावाच्या दरवाजांतून वाहत होता तो रुळांवरून बाहेरच्या बाहेर जाऊ लागला. गावाला निजामुल्मुल्क आसफजाहाने १७३१ मध्ये कोट घातला होता. कोटाचा बराच भाग पुढे नाहीसा झाला. शनवारा, इतवारा, लोहारमंडी, शिकारपुरा, राजघाट ही दरवाजांची नावे मात्र लोकांच्या तोंडी राहिली, आणि आतले रस्तेही ज्या रुंदीचे होते त्याच रुंदीचे राहिले. ती रुंदी बैलगाडीच्या हिशेबाची. या गोष्टीचे महत्त्व पुढे कळेल.

इंग्रजांनी वाटेच्या कराला प्रथमच कायद्याची चौकट दिली. १८५१ चा आठवा कायदा हा या देशातला टोलचा मूळ कायदा होय. सरकारी खर्चाने बांधलेल्या व दुरुस्त केलेल्या रस्त्यांवर आणि पुलांवर टोल बसविण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. त्यातली दोन कलमे नीट वाचण्याजोगी आहेत. एका कलमाने असे ठरविले की, टोल हा सरकारी महसूल असला तरी वसुलीचा खर्च वजा जाता उरणारी सारी रक्कम रस्ते व पूल बांधण्यावर आणि त्यांच्या दुरुस्तीवरच खर्च झाली पाहिजे. दुसऱ्याने असे ठरविले की, प्रत्येक नाक्यावर दरांचा तक्ता ठळक जागी, इंग्रजीत व त्या जिल्ह्याच्या देशी भाषेत, वाचता येईल असा लावला पाहिजे. परक्या सरकारच्या कायद्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण वाटेचा पैसा वाटेलाच लागावा हे राहदारीचे विसरलेले तत्त्व त्याने पुन्हा अक्षरांत आणले, हे मान्य केले पाहिजे. उणीव एवढीच की, वाट म्हणजे गाडीची वाट असे त्याने धरले. पायी चालणारा त्याच्या हिशेबात नव्हता.

नगरपालिका आल्या तेव्हा मध्यप्रांतातल्या गावांची मुख्य मदार चुंगीवर, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरच्या जकातीवर, राहिली. त्याशिवाय चाकांवरची पट्टी होती: बैलगाडी, टांगा, छकडा आणि मग सायकल. मराठी मुलखातल्या कित्येक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. तो बिल्ला सायकलीला अडकवावा लागे आणि नसल्यास पालिकेचा माणूस चौकात सायकल अडवी. पुण्यासोलापुराकडच्या जुन्या पिढीला ही धरपकड चांगली आठवते. रक्कम क्षुल्लक होती. पण गावचा रस्ता वापरणाऱ्याने गावाला काही द्यावे आणि गावाने त्याचा रस्ता नीट ठेवावा, हे नाते त्या बिल्ल्यात डोळ्यांना दिसत होते.

मोटार आली आणि हे नाते तुटले. मोटार एका गावची नसते. तिने रस्ता उखडला एका जिल्ह्यात आणि कर भरला दुसऱ्यात, असे होऊ लागले. जिल्हा मंडळांना वाढत्या मोटारींनी खराब केलेले रस्ते सावरणे जमेना. तेव्हा १९२७ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सभासदांची एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष मुकुंदराव रामराव जयकर. बॅरिस्टर जयकरांचे नाव मराठी माणूस स्वराज्य पक्षाच्या संदर्भात किंवा पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून घेतो. परंतु आज भारतात पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे रस्त्यासाठी जो उपकर कापला जातो त्याची कुळकथा त्यांच्या समितीपर्यंत जाते, हे फारसे कोणी सांगत नाही.

जयकर समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला. रस्त्यांचा विकास हा स्थानिक संस्थांच्या आणि प्रांतांच्याही आवाक्याबाहेर चालला आहे, म्हणून त्याला राष्ट्रीय हिताचा प्रश्न समजावे, आणि जी वाहने रस्ता झिजवतात त्यांच्याच इंधनावर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा, हा तिच्या विवेचनाचा सारांश. त्याप्रमाणे १९२९ च्या मार्चपासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घेण्यास सुरुवात झाली आणि मध्यवर्ती रस्ते-निधी स्थापन झाला.

पैसा ‘वेगळा ठेवावा’ या शब्दांवर जोर का होता, हे त्याच सुमारास इंग्लंडात काय घडत होते ते पाहिले म्हणजे उमगते. लॉइड जॉर्ज यांनी १९०९ मध्ये मोटारमालकांवर कर बसविला तेव्हा तो रस्त्यांवरच खर्च होईल अशी व्यवस्था केली होती. १९२० च्या कायद्याने तेथे रस्ते-निधी पक्का झाला. पण १९२६ मध्ये अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी त्या निधीतली रक्कम सर्वसाधारण तिजोरीत ओढून घेतली, आणि दहा-अकरा वर्षांत तो निधी नावापुरता उरला. कर भरणाऱ्याला रस्त्याच्या मालकीचा भास होतो, तो होऊ नये, असा चर्चिल यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. आणि तो सर्वस्वी टाकाऊ म्हणता येणार नाही. मोटारीचा कर मोटारीच्याच रस्त्यासाठी, असा हिशेब एकदा पक्का झाला की पायी चालणाऱ्याने कोणत्या तोंडाने काही मागावे?

भारतातल्या निधीत हा दोष वाटपातच शिरला. ज्या प्रांतात जेवढे पेट्रोल जळेल त्या प्रमाणात त्याला वाटा, असा नियम ठरला. म्हणजे मोटारी जेथे अधिक तेथे पैसा अधिक. आणि जेथे माणसे पायी चालतात तेथे तो कमी. १९४३ च्या अखेरीस देशातले मुख्य अभियंते नागपुरास जमले. नागपूर ही तेव्हा बऱ्हाणपूरचीही राजधानी. तेथे वीस वर्षांची रस्ते-योजना आखली गेली, राष्ट्रीय महामार्गापासून खेड्याच्या रस्त्यापर्यंत वर्गवारी झाली, आणि शेतीने विकसित झालेल्या भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये असे ठरले. योजना खरोखर दूरदृष्टीची होती. परंतु त्या वर्गवारीत पायवाटेला स्थान नव्हते, आणि गावाच्या आतला रस्ता तर त्या विचाराचा विषयच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने वाहनांवरचा कर आणि टोल या दोन्ही बाबी राज्यांच्या यादीत घातल्या. बऱ्हाणपूर १९५६ च्या पुनर्रचनेत भोपाळच्या मध्यप्रदेशात राहिले. त्या राज्याने १९७६ मध्ये चुंगी बंद करून तिच्या जागी प्रवेशकर आणला. नाक्यावरची अडवणूक थांबली याचा सर्वांना आनंद झाला, पण नगरपालिका मात्र राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईच्या तोंडाकडे पाहू लागल्या. मोटारवाहनांचा कर १९९१ च्या राज्य कायद्याप्रमाणे राज्याच्या तिजोरीत जातो, आणि दुचाकीवर तो नोंदणीच्या वेळीच आयुष्यभराचा एकदम घेतला जातो. केंद्राने २००० मध्ये रस्ते-निधीला स्वतंत्र कायदा केला आणि २०१८ मध्ये त्याच्या नावात इतर पायाभूत सोयींचीही भर घातली. एवढी सारी व्यवस्था लागली. बऱ्हाणपुरातला एखादा विणकर नवी दुचाकी घेतो तेव्हा तो राज्याला देतो आणि पेट्रोल भरताना केंद्राला देतो. ज्या इतवाऱ्याच्या अरुंद रस्त्यावरून तो ती चालवितो त्या रस्त्याच्या पालिकेला, चाकाच्या नात्याने, जवळजवळ काहीच देत नाही. बिल्ला गेला तो गेलाच.

आता सकाळच्या वेळी त्या रस्त्यावर कोण असते ते पाहावे. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती २ लाख १० हजारांच्या वर होती. यंत्रमागांचे गाव असल्यामुळे सुताचे व कापडाचे टेम्पो, भोवतालचा मुलूख केळीचा असल्यामुळे केळीच्या गाड्या, इंदूर–इच्छापूर मार्गावरून येणारी-जाणारी जड वाहने, रिक्षा आणि दुचाकींची दाटी. आणि या साऱ्यांच्या मधून पाठीवर दप्तर घेतलेली, धाकट्या भावंडाचा हात धरलेली, मराठी, हिंदी आणि उर्दू बोलणारी मुले. बैलगाडी दोन कोसांवरून दिसे आणि तिच्या बैलांना समोरचे मूल दिसे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला येणाऱ्या दुचाकीच्या वेगाचा अंदाज मोठ्या माणसासारखा करता येत नाही, आणि उभ्या केलेल्या टेम्पोच्या आडून ते बाहेर आले म्हणजे चालकालाही ते दिसत नाही. हे काही मुलाचे अवखळपण नव्हे. त्याच्या उंचीचा आणि वयाचा तो धर्म आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण पायी चालत होता.

शाळेची वाट ही सरकारच्या ध्यानात आलीच नाही असे नाही. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याखाली केंद्राने २०१० मध्ये जे नियम केले त्यांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे सांगून पुढे म्हटले आहे की, जेथे दरड, पूर, रस्त्यांचा अभाव किंवा एकंदरीत घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेत लहान मुलांना धोका असेल तेथे तो टाळता येईल अशा रीतीने शाळेची जागा ठरवावी. धोका म्हटला की नियम करणाऱ्यांच्या नजरेसमोर डोंगर आणि नदी आली. चौक आला नाही. तसेच, ज्यांच्या गावी पुढची शाळा नाही अशा मुलांना मध्यप्रदेश सरकार सायकली मोफत देते. योजना स्तुत्य आहे, मुलींच्या शिक्षणाला तर विशेषच. पण एके काळी सायकलीवर कर घेऊन रस्ता राखणारी पालिका होती, आणि आता फुकट सायकल मिळते तर ती चालविण्यास निर्भय अशी हातभर पट्टी मिळत नाही.

डेन्मार्कमध्ये १९७० च्या दशकात मुलांच्या अपघातांचे प्रमाण युरोपात अतिशय वाईट होते. तेथल्या ओडेन्स या शहराने शाळाशाळांतून, मूल कोणत्या वाटेने येते आणि त्याला भीती कोठे वाटते, हे विचारून घेतले आणि त्या जागा एकेक करून सुधारल्या: कोठे रस्ता मुद्दाम अरुंद केला, कोठे मध्ये थांबण्यास ओटा बांधला, कोठे पायवाट वेगळी काढली. ‘शाळेची सुरक्षित वाट’ ही कल्पना तेथून जगभर पसरली. पैशाचा प्रश्न अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या सॅन मॅटिओ परगण्याने आपल्या पद्धतीने सोडविला. तेथे २०१० मध्ये मतदारांनी प्रत्येक वाहनावर वर्षाला दहा डॉलर जादा शुल्क मान्य केले, आणि त्या उत्पन्नाचे हिस्से आधीच ठरवून टाकले. निम्मा भाग गावोगावच्या रस्त्यांना, आणि उरलेल्यातून एकंदर उत्पन्नाच्या सहा टक्के शाळांच्या वाटांना. सहा टक्के काही फार नव्हेत. पण ते चर्चिलच्या तिजोरीत जाऊ शकत नाहीत, आणि जयकरांच्या पेट्रोलच्या प्रमाणातही वाटले जात नाहीत.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचे उदाहरण केरळचे. तेथल्या २००७ च्या रस्ते-सुरक्षा कायद्याने एक स्वतंत्र निधी उभारला. त्यात नव्या वाहनाच्या नोंदणीच्या वेळी घेतला जाणारा एकवेळचा उपकर आणि वाहनगुन्ह्यांच्या तडजोड-दंडाचा निम्मा भाग जमा व्हावा असे ठरले. पुढे कोइमतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. राजशेखरन यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ रोजी सर्व राज्यांना असा निधी दंडाच्या रकमेतून उभारण्यास आणि जिल्ह्याजिल्ह्यांत रस्ता-सुरक्षा समित्या नेमण्यास सांगितले. त्याच प्रकरणात १४ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक व उज्ज्वल भुयान यांनी, पादचाऱ्याला चालण्याजोगा पदपथ मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातला हक्क आहे, असे ठरविले. बऱ्हाणपूर २००३ च्या १५ ऑगस्टपासून स्वतंत्र जिल्हा आहे. तेव्हा समितीही त्याची, आणि हक्कही त्याच्या मुलांचा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोडून टाकण्याजोगा नाही. बऱ्हाणपुरात वाहनाचे शुल्क वाढवावे तर ते कोणाच्या खिशातून जाईल? मोटारवाल्यांपेक्षा दुचाकीवाले पुष्कळ, आणि त्यांत मागावर राबणारे, केळीच्या मळ्यात मजुरीला जाणारे, भाजी विकणारे आहेत. त्यांनी कर दिलेला आहे. तो राज्याकडे पडून आहे. तेव्हा नव्या पट्टीआधी जुन्या करातला हिस्सा मागणे हे अधिक न्यायाचे. जे शुल्क गाव स्वतः घेऊ शकते ते वाहन उभे करण्याचे. रस्त्याची जी पट्टी मुलांनी चालावयास हवी ती दिवसभर टेम्पो आणि मोटारी फुकट अडवून बसतात. केंद्राच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणानेही म्हटले आहे की, वाहनाने अडविलेल्या जागेचे मोल शुल्कात दिसावे. असे शुल्क घ्यावे, माल चढविणाऱ्या-उतरविणाऱ्या गाड्यांकडून अधिक घ्यावे, आणि घरासमोर एक सायकल वा जुनी दुचाकी ठेवणाऱ्याला सोडून द्यावे. मक्ता मात्र देऊ नये. मक्तेदाराच्या हाती गेलेल्या वाटेच्या पैशाचे काय होते, ते पेशवाईअखेर पाहून झाले आहे.

कामे तर अशी आहेत की त्यांना मोठा निधी लागत नाही. शनवाऱ्याकडून आत येणाऱ्या रस्त्याच्या एका अंगाला वीतभर उंच, दोन मुले शेजारी चालतील एवढा पदपथ. शाळेच्या फाटकासमोर रस्ता ओलांडण्याच्या जागी उंचवटा आणि रंगाचे पट्टे. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या अर्ध्या-अर्ध्या तासात मालगाड्यांना दरवाजाच्या बाहेर थांबविणे. उघड्या गटारांवर फरश्या. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना पदपथाचाही खर्च येत नाही. कोणती वाट आधी घ्यावी हे शिक्षकांनी ओडेन्सप्रमाणे मुलांनाच विचारून ठरवावे. सातवीतला मुलगा आपल्या वाटेचा नकाशा काढून त्यावर भीतीच्या जागी खूण करू शकतो, आणि ती खूण अभियंत्याच्या मोजणीहून पुष्कळदा खरी असते.

आणि १८५१ च्या कायद्यातले ते दुसरे कलम येथे उपयोगी पडेल. शुल्क घेण्याच्या प्रत्येक जागी दरांचा तक्ता लावावा, हिंदीत, मराठीत आणि उर्दूत. त्याच्या शेजारी तेवढ्याच आकाराचा दुसरा तक्ता असावा आणि तो दर महिन्याला पुसून पुन्हा लिहावा: गेल्या महिन्यात या जागी किती जमले, आणि त्यातून कोणत्या शाळेच्या वाटेवर किती फूट पदपथ झाला.